उशिरा म्हणजे गैरहजर

शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा मोठ्या बाई भागाकार शिकवत होत्या, आणि भागाकार अर्ध्यावर सोडून पत्र वाचणं त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. त्यामुळे पत्र घेऊन आलेले मामा, म्हणजे शाळेचे शिपाई, दारातच ताटकळले. बाकी उरली, फळा पुसून झाला, घंटा वाजली, मग कुठे बाईंनी खडूचे हात झटकले आणि लिफाफा फोडला.

आत दीड पान मजकूर होता. ज्या सरकारी शाळांची गेल्या दोन वर्षांची सरासरी हजेरी साठ टक्क्यांच्या खाली आहे, त्या येत्या सत्रापासून एका खाजगी कंपनीला चालवायला दिल्या जाणार होत्या. खाली शाळांची यादी होती. यादीत चौथं नाव त्यांच्या शाळेचं होतं आणि नावापुढे आकडा होता, एक्कावन्न.

"एक्कावन्न?" बाई म्हणाल्या. "माझ्या शाळेत? मामा, माझा चष्मा आणा बरं."

"चष्मा डोळ्यावरच आहे, बाई," मामा म्हणाले.

आता एक सांगायला हवं. या बाईंना मुलं पाठीमागे घड्याळबाई म्हणत, आणि नाव काही उगाच पडलं नव्हतं. साडेसातला घंटा, सात पस्तीसला हजेरी, सात चाळीसला हजेरीपट बंद. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष जरी बाकावर येऊन बसले असते तरी त्यांच्या नावापुढे लाल टिंबच पडलं असतं. हजर मुलाला निळी खूण, गैरहजराला लाल टिंब, आणि एकतीस वर्षांत एकाही पानावर खाडाखोड नाही. कामाच्या बाबतीत बाई नाकावर माशी बसू देत नसत. चुका दुसऱ्यांच्या होतात आणि आपण त्या तपासतो, अशी त्यांची स्वतःबद्दलची अगदी प्रामाणिक समजूत होती.

तेव्हा आकडा खोटा आहे, हे बाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

बातमी वस्तीत पसरायला दुपारसुद्धा लागली नाही. कंपनी येणार म्हणजे प्रवेशाला परीक्षा येणार, फी येणार, आणि ज्याला झेपणार नाही त्याने पोराला घेऊन टेकडीपलीकडची शाळा गाठायची. टेकडीपलीकडे जायला दोन बस बदलाव्या लागत. सहा वर्षांचं पोर दोन बस बदलून शाळेत जाईल, असं ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात सहा वर्षांचं पोर पाहिलेलं नसावं.

संध्याकाळी सलूनमध्ये सभा भरली. एवढ्या खुर्च्या आणि एवढा उजेड वस्तीत दुसरीकडे कुठे नव्हता, आणि सलूनवाल्याची दोन्ही मुलं याच शाळेत होती. तिथल्या तिथे शाळा बचाव समिती झाली आणि सलूनवाला तिचा सचिव झाला. एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर साबण तसाच वाळत होता, पण त्यानेही हात वर करून पाठिंबा दिला.

सगळ्यात जास्त तापली होती ती मुकादम. वस्तीच्या टोकाला कपडे धुण्याचा मोठा कारखाना होता. शहरातल्या सगळ्या इस्पितळांच्या चादरी तिथे यायच्या. त्याच्या रात्रपाळीवरच्या चाळीस बायकांची ही मुकादम. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून तिचे दंड पैलवानासारखे झाले होते आणि यंत्रांच्या घरघरीवर बोलून बोलून आवाजही.

"माझी पोर एक दिवस घरी राहत नाही," ती म्हणाली. "अंगात ताप असला तरी दप्तर उचलून पळते. एक्कावन्न टक्के म्हणजे काय हो? अर्धी पोर शाळेत जाते आणि अर्धी घरी बसते?"

सलून हसलं. बाईही हसल्या आणि उठून उभ्या राहिल्या.

"हे आकडे कार्यालयात बसून कुणीतरी पिकवलेत," त्या म्हणाल्या. "आपण सुनावणी मागू. मूळ हजेरीपट सगळ्यांसमोर उघडा म्हणावं. माझ्या हजेरीपटात एक रेघ खोटी सापडली तर मी नोकरी सोडीन."

टाळ्या पडल्या. बाईंनी तिथेच, आरशाखालच्या फळीवर कंगवे बाजूला सारून, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहिला. त्यात 'धादांत खोटे' हे शब्द दोनदा आले. एरवी जे कार्यालय खडूची पेटी द्यायला सहा महिने लावायचं, त्याने चार दिवसांत उत्तर धाडलं. सुनावणी शनिवारी अकरा वाजता, शाळेतच. मूळ हजेरीपट तयार ठेवावेत.

वस्तीत मग उत्साहाला नुसतं उधाण आलं. कारखान्यातून बाद झालेल्या चादरी मुकादमने मिळवल्या. त्यांच्यावर निळ्या रंगाने 'शाळा आमची, सगळ्यांची' असं लिहून त्या खिडक्याखिडक्यांतून सोडल्या. काही चादरींवर इस्पितळांचे शिक्के तसेच राहिले होते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला शाळा आजारी आहे की इस्पितळ संपावर आहे ते कळेना. पण माणसं जागची उठली होती, हे खरं.

बुधवारी संध्याकाळी बाई दोन वर्षांचे हजेरीपट पिशवीत घालून घरी घेऊन आल्या. शनिवारी कार्यालयाच्या साहेबाच्या तोंडावर फेकायला खरा आकडा तयार असावा, एवढाच हेतू. त्यांचे यजमान बस डेपोतून टाइमकीपर म्हणून निवृत्त झाले होते. ते जेवणाच्या टेबलावर मटार सोलत बसले होते. बाईंनी हजेरीपट त्यांच्यासमोर ठेवले.

"मी आकडे वाचते, तुम्ही बेरीज करा. तुमची बेरीज चुकत नाही."

तासाभरात बेरीज झाली. यजमानांनी ती एकदा वरून खाली केली, मग खालून वर केली.

"एक्कावन्न," ते म्हणाले. "नीट बघितलं तर एक्कावन्नला थोडं कमीच आहे. त्यांनी वर धरलंय."

"भलतंच काय? पुन्हा करा."

"पुन्हा केली तरी तेवढीच येणार. ही एवढी लाल टिंबं कुणाची? आजारी असतात का एवढी मुलं?"

"आजारी कशाला असतील? उशिरा येतात. कारखान्याची रात्रपाळी आठला सुटते. आई घरी येते, धाकट्याला ताब्यात घेते, मग पोरं निघतात. सव्वाआठपर्यंत सगळी आलेली असतात." बाईंच्या आवाजात नेहमीची धार होती. "उशिरा म्हणजे गैरहजर. माझा नियम सगळ्या शाळेला पाठ आहे."

यजमानांनी एक शेंग उघडली, दाणे वाटीत टाकले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आमच्या डेपोत बस उशिरा सुटली तर 'उशिरा सुटली' असं लिहायचे. 'सुटलीच नाही' असं कधी नाही लिहिलं."

हजेरीपटावरच्या लाल टिंबांकडे बाई बघत राहिल्या. महिनेच्या महिने, नावानावापुढे, अगदी सारख्या आकाराची टिंबं. किती नीटनेटकी काढली होती त्यांनी! आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

आकडा कार्यालयाने पिकवला नव्हता. तो त्यांनी पिकवला होता, रोज सकाळी सात चाळीसला, चांगल्या प्रतीच्या शाईने. कंपनीला शाळेचं दार त्यांनीच उघडून दिलं होतं, आणि वर सगळ्या वस्तीसमोर छाती काढून हजेरीपट उघडा म्हणून सांगितलं होतं.

"जेवून घे," यजमान म्हणाले.

त्या जेवल्या नाहीत.

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्यांनी मामांना ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. सगळं सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. मामांनी ऐकून घेतलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"बाई, मला दोन संध्याकाळी द्या," ते दबक्या आवाजात म्हणाले. "लाल टिंबावर निळी खूण ठसठशीत ओढली की खालचं काही दिसत नाही. माझा हात चांगला आहे. शाळेची पाटी मीच रंगवलीय."

मोह झाला. खोटं कशाला सांगा, चांगला झाला. खिडकीतून समोरच्या इमारतीवर लटकणारी चादर दिसत होती, आणि मुकादमचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. दोन संध्याकाळी, एक निळं पेन, आणि शाळा वाचली असती. त्यांचं नाकही वाचलं असतं.

"नको," बाई म्हणाल्या.

"का पण?"

"आज ते खोटं बोलताहेत असं आपण म्हणतोय. शनिवारी साहेबाने कागद उजेडात धरला आणि खालचं टिंब दिसलं, तर खोटे आपण ठरू. मग माझी लाज जाईल तर जाईल, पण सगळ्या वस्तीच्या तोंडाला काळं लागेल."

मामांनी मान हलवली. जाता जाता ते म्हणाले, "मग उद्या सलूनमध्ये सांगायला लागेल तुम्हाला." नेमकं तेच बाईंना कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी सलून खच्चून भरलं होतं. उद्या कुणी कुठे उभं राहायचं, साहेबाला काय विचारायचं, याची जुळवाजुळव चालली होती. सलूनवाल्याने भाषण पाठ केलं होतं. बाई उभ्या राहिल्या तशी टाळी पडली, आणि ती टाळी त्यांना थोबाडीत मारल्यासारखी लागली. सलूनमध्ये तोंड लपवायला जागा नसते. ज्या भिंतीकडे बघावं तिथून त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे बघत होता.

"आकडा खरा आहे," त्या म्हणाल्या. "तो माझा आहे."

मग त्यांनी सांगितलं. काही लपवलं नाही, कुणावर ढकललं नाही. साडेसातची घंटा, सात चाळीसचं टिंब, सगळं. शेवटी म्हणाल्या, "मुलं शाळेत होती. मी त्यांना शिकवत होते, त्यांच्या वह्या तपासत होते आणि कागदावर ती नाहीत असं लिहीत होते. माझ्यामुळे शाळा यादीत गेली. मी हात जोडून माफी मागते."

मग मुकादम उठली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली.

"बाई, मी पाळीवरून येते तेव्हा माझी पोर दारात उभी असते. दप्तर पाठीला, बूट घातलेले. मी उंबऱ्यात पाय टाकला की ती माझ्या हातात धाकट्याला देते आणि धूम ठोकते. वेणी धावताना घालते. दोन वर्षं मी रोज बघतेय. आणि तुमच्या कागदावर ती नाहीच? मग दोन वर्षं माझी पोर होती तरी कुठे?"

बाईंचे डोळे भरून आले आणि आरशातल्या सगळ्या बाईंचेही आले.

"गेटवर," मागून कुणीतरी म्हणालं. "माझ्या वहीत."

मामा होते. सगळ्या माना वळल्या तसे ते कावरेबावरे झाले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती.

"म्हणजे असं," ते म्हणाले, "उशिरा येणाऱ्या प्रत्येक पोराने गेटवर वहीत नाव लिहायचं, कारण लिहायचं, आणि मगच आत जायचं. शिक्षा म्हणून. बाईंनीच लावून दिलंय, फार वर्षं झाली. वेळ मी टाकतो, माझ्या घड्याळाने. दर आठवड्याला वही बाईंकडे जाते, बाई सही करतात, भरली की मी कपाटात ठेवतो. टाकून द्या असं मला कुणी कधी सांगितलं नाही."

"किती वह्या आहेत?" सलूनवाल्याने विचारलं.

"दोन वर्षांच्या? असतील चाळीसेक."

बाई खुर्चीवर बसल्या. त्या वह्यांवर त्यांनी दर आठवड्याला सही केली होती. अक्षर सुबक आहे का, समास सोडलाय का, तारीख आहे का, एवढं बघायच्या आणि पान उलटायच्या. ती शिक्षा होती. शिक्षेलाही कुणी पुरावा म्हणतं, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

मामा आणि आणखी दोघं धावत जाऊन वह्या घेऊन आले. कंगवे, कात्र्या, पावडरचे डबे बाजूला झाले आणि आरशांखाली वह्यांच्या थप्प्या लागल्या. आधी लोक नुसती तारीख आणि वेळ बघत होते. आठ बारा. आठ नऊ. आठ सोळा. मग कुणीतरी कारण मोठ्याने वाचलं, आणि त्यानंतर कुणी थांबेना.

"आई आली नव्हती. बाळ रडत होतं."

"आजोबांचं औषध आठला द्यायचं असतं. ते दिलं आणि निघालो."

"धाकटीचा एक बूट मिळेना. मिळाला. तो दुसऱ्या पायाचा होता."

"कारण कालचंच."

"मला उशीर झाला नाही. घंटा लवकर झाली."

हे शेवटचं सलूनवाल्याच्या चिरंजीवांचं निघालं. कारखान्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, घर शाळेसमोर होतं. सलूनवाला लालबुंद झाला आणि सलून इतकं हसलं की बाहेर रस्त्यावरची माणसं डोकावून गेली. हसू ओसरलं तेव्हा मुकादम एका कोपऱ्यात पाठमोरी उभी होती. तिच्या हातात एक वही होती. मुलीचं अक्षर तिने ओळखलं होतं. पानापानावर एकच वाक्य, 'आई आल्यावर मी निघते.' आणि मध्येच एका दिवशी वेगळं, 'आज आई फार दमली होती म्हणून मी तिला चहा करून दिला. आई झोपली. मग निघाले.'

मुकादमने पदर डोळ्यांना लावला नाही, काही नाही. वही बाईंसमोर धरली आणि म्हणाली, "इथे खाली तुमची सही आहे."

"आहे."

"वाचलं होतंत?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अक्षर बघितलं होतं."

मुकादमने वही थप्पीवर ठेवली, बाही वर सारली आणि सलूनला उद्देशून यंत्रांवरच्या आवाजात म्हणाली, "बघताय काय सगळे? महिन्यांप्रमाणे लावा. उद्या अकराला न्यायच्या आहेत."

शनिवारी साहेब वेळेवर आला. बाईंना त्याबद्दल मनातल्या मनात त्याचं कौतुक वाटलं, आणि त्याही परिस्थितीत आपल्याला असं वाटावं याचा स्वतःचा रागही आला. साहेबासोबत कंपनीचा माणूस होता. टाय लावलेला, तरुण, हातात चकचकीत पुस्तिका. पुस्तिकेवरची मुलं सगळी हसत होती आणि एकाचेही बूट मळलेले नव्हते. मोठी खोली भरली, व्हरांडा भरला, खिडक्यांच्या गजांना माणसं लगडली. रात्रपाळीच्या बायका झोप न घेता तशाच आल्या होत्या, त्यांच्या कपड्यांना साबणाचा वास होता.

साहेबाने हजेरीपट उघडले, पानं चाळली, चष्मा वर केला.

"अर्जात 'धादांत खोटे' असं लिहिलंय," तो म्हणाला. "इथे तर आकडा जुळतोय. सही कुणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. "अर्जावरची आणि हजेरीपटावरची, दोन्ही माझ्याच. अर्जातले ते शब्द मी मागे घेते. चूक कार्यालयाची नाही, माझी आहे. पण ती काय आहे ते ऐकून घ्या."

आणि काल सलूनमध्ये सांगितलं होतं तेच त्यांनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं. सांगून झाल्यावर मुकादमने वह्यांचा पहिला गठ्ठा उचलला, इस्पितळाच्या चादरींचा उचलावा तसा, आणि साहेबासमोर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. टेबल करकरलं.

टायवाला पुढे सरकला. "हे काही अधिकृत दप्तर नाही," तो म्हणाला. "मुलांनी काय लिहायचं ते कुणीही सांगू शकतं."

"तुम्ही सांगून बघा ना," सलूनवाला खिडकीतून म्हणाला. "माझ्याकडे एक नमुना आहे, त्याच्याकडून एक ओळ लिहून घेऊन दाखवा."

साहेबाने हात वर केला तसा हशा थांबला. त्याने एक वही घेतली, मग दुसरी. शेजारी हजेरीपट ठेवून एक तारीख जुळवली. मग दुसरी. ज्या नावापुढे लाल टिंब होतं, ते नाव वहीत होतं. वेळ होती. कारण होतं. एकदा तो मध्येच थांबला आणि त्याच्या ओठांचे कोपरे हलले, बहुतेक दुसऱ्या पायाच्या बुटापाशी. पाऊण तास खोलीत पानांचाच आवाज होता.

"बाई," शेवटी साहेब म्हणाला, "हा सात चाळीसचा नियम तुम्हाला कुणी सांगितला?"

"माझ्या पहिल्या मुख्याध्यापकांनी. नोकरीच्या पहिल्या दिवशी."

"त्यांना कुणी सांगितला?"

हा प्रश्न एकतीस वर्षांत बाईंना पडला नव्हता.

साहेबाने आपल्या पिशवीतून एक जुनं, कोपरे दुमडलेलं नियमांचं पुस्तक काढलं, पान शोधलं आणि बोट ठेवून वाचलं. "जे मूल शाळेच्या वेळेपैकी निम्मा वेळ शाळेत असेल ते त्या दिवशी हजर धरावे." त्याने पुस्तक मिटलं. "हा नियम तुम्ही नोकरीला लागलात त्याच्याही आधीचा आहे. उशिरा म्हणजे गैरहजर असं सरकार म्हणत नाही, बाई. सरकार कसंही असलं तरी इतकं कडक नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. बाईंना हसावं की जमिनीत गडप व्हावं ते कळेना.

साहेबाने गणित मांडलं. वहीतली मुलं हजर धरली तर आकडा ब्याण्णववर गेला. त्याने तो दोनदा तपासला, कागदावर लिहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. "शाळा यादीतून वगळावी, असं मी लिहून पाठवतो. आदेश आठ दिवसांत येईल. वह्या मी घेऊन जातो, पोच देतो." मग जरा थांबून म्हणाला, "आणि परत द्यायची जबाबदारी माझी. हरवण्यासारख्या नाहीत."

टायवाल्याने पुस्तिका बॅगेत घातली. तो दारातून बाहेर पडला तेव्हा त्याला कुणी काही बोललं नाही, उलट वाट करून दिली. मग व्हरांड्यात एकदम गलका झाला. सलूनवाल्याला पाठ केलेलं भाषण करायचं राहून गेलं होतं, ते त्याने मामांना ऐकवलं. रात्रपाळीच्या बायकांपैकी दोघी बाकावर बसल्या बसल्या भिंतीला डोकं टेकून झोपल्या, आणि त्यांना कुणी उठवलं नाही. बाईंच्या जिवात जीव आला. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली, इतकी की चक्कर येईल असं वाटलं.

मुकादम जवळ आली.

"नोकरी सोडीन म्हणाला होतात," ती म्हणाली. "एक रेघ खोटी निघाली तर."

"हो. म्हणाले होते."

"इतक्या खोट्या निघाल्यावर आता कुठे जाता? सगळ्या दुरुस्त करायला इथेच लागाल तुम्ही." आणि ती जांभई देत घरी गेली.

आदेश सहाव्याच दिवशी आला. त्यानंतरच्या सोमवारी बाईंनी साडेसातला घंटा वाजवली, कारण घंटा ती घंटा. पण हजेरीपट उघडला नाही. आधी पाढे घेतले, मग वाचन घेतलं. मुलं सात पस्तीसला एकमेकांकडे बघायला लागली, बाईंना बरं नाही की काय म्हणून. आठनंतर एकेक करत दारातून धापा टाकत पोरं येत गेली आणि बाकं भरत गेली. साडेआठ वाजले, तेव्हा बाईंनी निळं पेन काढलं. लाल पेन त्यांनी आणलंच नव्हतं.

तिसरीच्या वर्गाची हजेरी. त्या नाव घेत होत्या आणि समोरून "हजर" येत होतं, एकामागून एक, वेगवेगळ्या आवाजात. इतकी नावं त्यांनी सलग कधी घेतली नव्हती. अर्ध्यात त्यांना पाण्याचा घोट घ्यावा लागला. मग एका नावाला उत्तर आलं नाही.

बाईंनी ते पुन्हा घेतलं. त्यांनी मान वर केली. तिसऱ्या बाकावर मुकादमची मुलगी बसली होती, अर्धवट घातलेली वेणी खांद्यावर, आणि इतरांसारखीच इकडेतिकडे बघत होती, हे लांबलचक पूर्ण नाव कुणाचं म्हणून. शेजारणीने तिला कोपर मारलं.

"अगं, तुझंच की!"

मुलगी गडबडून उभी राहिली. दोन वर्षं ती या शाळेत रोज आली होती, आणि हजेरीत आपलं नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं. ते घेतलं जायचं तेव्हा ती घरी दारात उभी असायची.

"बाई," तिने विचारलं, "माझं नाव घेतलं की मी काय म्हणायचं?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हजर म्हणायचं, बाळ," त्या म्हणाल्या. "मोठ्याने म्हण."